राखेच्या विटा

गिलावा भिंतीपासून सुटलाय की नाही, हे डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. बोटाच्या पेरानं टकटक करत भिंतीवरून हात न्यावा. गिलाव्यानं वीट धरून ठेवली असेल तिथे आवाज आखूड आणि घट्ट येतो. धर सुटली असेल तिथे तो पसरतो, आतल्या आत घुमतो. आमच्या दिवाणखान्यातल्या धुराड्याच्या भिंतीवर असा घुमणारा आवाज छातीच्या उंचीपासून वर जवळजवळ सगळीकडे येत होता. सुटलेलं तेवढं काढून नवा गिलावा चढवायचा, एवढाच विचार होता. पण एका कोपऱ्यात छिन्नी लावली आणि ताटाएवढी खपली एकसंध हातात आली. तिच्यामागे विटांचे तीन-चार थर दिसले. ते पुन्हा झाकून टाकायला मन घेईना.

हे घर लंडनच्या ईशान्येला, वॉल्थमस्टोमध्ये आहे. १८७० च्या सुमारास इथे रेल्वे आली, कामगारांसाठी स्वस्त तिकिटं निघाली आणि शेतांच्या जागी एकाला एक लागून घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या अशाच एका रांगेत आमचं घर आहे. त्या काळच्या रीतीप्रमाणे खालच्या-वरच्या बहुतेक खोल्यांत कोळशाची शेकोटी होती. खोलीची एक भिंत मधोमध पाचएक फूट रुंदीत पुढे आलेली असते, तिच्या तळाशी विस्तव पेटायचा आणि धूर भिंतीच्या आतून वर चढायचा. दोन खोल्यांचा धूर कधी एकत्र करत नसत. प्रत्येक विस्तवाला त्याची स्वतंत्र नळी, वरच्या मजल्याच्या शेकोटीला वळसा घालून छपरापर्यंत नेलेली; दोन नळ्यांमध्ये फक्त अर्ध्या विटेचा पडदा. रस्त्यानं जाताना छपरांवरची मातीची तोंडं मोजली, की आत किती खोल्यांत एकेकाळी ऊब होती ते समजतं. मला ती मोजायची सवय लागली आहे. आता त्यांतल्या बहुतेकांतून काहीच बाहेर पडत नाही.

गिलावा उतरवणं हे सावकाश करायचं काम. सामान बाहेर काढलं, दारावर ओली चादर टांगली, तोंडाला मास्क बांधले, आणि छिन्नी विटेत न घुसवता विटेला लागून आडवी सरकवत राहिलो. विटेची आणि चुन्याची धूळ फार बारीक असते, फुप्फुसांत जाऊन बसते. म्हणून मधूनमधून पाणी शिंपडायचं. वरचा थर गुलाबी जिप्समचा, अलीकडच्या काळातला. तो कडेकडेनं संपला तिथे मूळचा चुन्याचा गिलावा शिल्लक होता. त्याचा तुकडा मोडला की कडेतून केस बाहेर येतात. जनावरांचे केस, तडे जाऊ नयेत म्हणून चुन्यात कालवलेले. आपल्याकडे त्यासाठी ताग कापून घालायचे, शिवाय गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर. ते केस बोटांत धरून मी बराच वेळ उभी होते. कुठल्या तरी शेतातल्या गाईचा नाहीतर शेळीचा तो केस तिच्यामागे सव्वाशे वर्षं भिंत धरून बसला होता.

उघडी झालेली भिंत नीटनेटकी नव्हती. बाहेरच्या दर्शनी भिंतीला नीट भाजलेल्या, कडा शाबूत असलेल्या विटा निवडत. आतल्या, गिलाव्याखाली जाणाऱ्या कामाला भट्टीच्या कडेच्या, कमी भाजलेल्या विटा चालत. त्यामुळे इथे पिवळ्या विटांमध्ये फिकट गुलाबी, मळकट नारिंगी, मध्येच एखादी जांभळट काळी. अर्धुकं आहेत, तुकडे आहेत. दोन विटांमधली दरज कुठे करंगळीएवढी, कुठे अंगठ्याएवढी. चुना बाहेर ओघळून तसाच वाळलेला. तो थापीनं कापून घेण्याचं कारणच नव्हतं, कारण खडबडीत भिंतीला गिलावा जास्त चांगला धरतो. पण शेकोटीच्या तोंडावरची कमान पाहिली आणि ही भिंत बांधणाऱ्या गवंड्याचा दुसरा हात दिसला. तिथे प्रत्येक वीट निवडलेली, दरज बारीक आणि सारखी, खाली आधाराला वाकवलेली लोखंडी पट्टी. वरच्या भिंतीचं वजन कमानीवर येणार होतं. तीही गिलाव्याखालीच जाणार होती, तरी तिच्यावर वेळ खर्च झाला होता. हात कुठे राखायचा आणि कुठे नाही, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. मला ती भिंत आवडली ती त्यामुळे.

आईला फोनवरून दाखवली. तिनं नीट पाहिली, मला फोन जवळ न्यायला लावला, आणि काळजीनं विचारलं, "गिलाव्याचं काम अडलं का गं? माणूस मिळत नाही का तिकडे?" मी म्हटलं, "नाही गं, अशीच ठेवणार आहोत." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बघ बाई. पण पाहुणे आले तर सांगून ठेव, मुद्दाम ठेवली आहे म्हणून."

तिचं बरोबर होतं. आपल्याकडे उघडी वीट म्हणजे राहून गेलेलं घर. तालुक्याच्या गावाबाहेर रस्त्याच्या कडेला अशी घरं ओळीनं दिसतात: समोरच्या बाजूला गिलावा आणि रंग, दोन्ही कुशी उघड्या, आणि गच्चीवर पुढच्या मजल्याच्या आशेनं सोडलेल्या सळया. गिलावा पुढच्या वर्षी, सुगीनंतर, मुलीच्या लग्नानंतर. त्या विटांकडे पाहताना कुणी रंगाचं कौतुक करत नाही. त्या घराचं कुठे अडलं असेल, हे मनात येतं. माझ्या आईच्या नजरेत ती सगळी घरं होती. इथे मात्र लोक वीट दिसावी म्हणून खर्च करतात, आणि ज्यांच्या भिंतीत वीट नसते ते विटेचे पातळ काप आणून गिलाव्यावर चिकटवतात. या दोन नजरा माझ्यात शेजारी शेजारी राहतात. त्यांतली एक खोटी आहे असं मला वाटत नाही.

विटांच्या रंगाचा मागोवा घेत गेले आणि राखेपाशी पोचले. लंडनची ही जुनी पिवळी वीट निव्वळ मातीची नसते. त्या मातीत चुनखडीचा पांढरा खडू मिसळत, त्यानं भाजल्यावर पिवळेपणा येतो. आणि मिसळत चाळलेली राख. ती राख घरोघरच्या शेकोट्यांची. लाखो घरांतून रोज सकाळी निघणारी राख गाड्यांतून गोळा व्हायची, तिचे डोंगर रचले जायचे. चार्ल्स डिकन्सची ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ ही १८६४-६५ मधली कादंबरी याच ढिगांच्या संपत्तीभोवती फिरते. ढिगांवर बायका कमरेएवढ्या कचऱ्यात उभ्या राहून चाळण्या हलवायच्या. बारीक राख मातीत जायची, जाडसर अर्धवट जळलेले कोळसे भट्टीत विटांच्या थरांमध्ये पसरायचे. केंटमधल्या सिटिंगबर्न, फेव्हरशॅमकडून शिडांच्या बोटी विटा भरून टेम्स नदीतून लंडनला यायच्या आणि परतताना लंडनची राख भरून न्यायच्या. भट्टी म्हणजे बांधलेली इमारतही नसायची. कच्च्या विटांचाच ढीग रचून त्याला आग द्यायची. विटेच्या पोटातली राख आतून पेटायची, आणि वीट बाहेरून तशी आतूनही भाजून निघायची.

म्हणजे कुणाच्या तरी चुलीतली राख विटेत गेली. त्या विटेचं धुराडं झालं. त्या धुराड्याखाली पुन्हा कोळसा जळला, आणि सकाळी त्याचीही राख बादलीतून दाराशी आली. हे कळल्यापासून मी या भिंतीपाशी थांबते तेव्हा तिच्यातले बारीक काळे ठिपके शोधते. ते न जळलेल्या कोळशाचे कण आहेत. नखानं एक टोकरला तर बोटाला काळं लागलं.

काही विटांच्या अंगावर फिकट पट्टे आहेत. भट्टीत त्यांच्यावर दुसरी वीट आडवी टेकलेली होती, तेवढ्या जागी आच वेगळी लागली. ती दुसरी वीट कुठल्या तरी वेगळ्याच घरात गेली असेल. रायगड, ठाण्याच्या भट्ट्यांवरही विटा अशाच रचतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं पाडे सोडून भट्टीवर येतात, पावसाच्या तोंडाशी परततात. उचल घेतलेली असते, ती फेडता फेडता हंगाम जातो. माती तुडवायची, त्यात तूस नाहीतर राख घालायची, साच्यात थापायची, उन्हात ओळीनं मांडायची. पोरंही विटा उलटत असतात. इंग्लंडमध्ये दहा वर्षांखालच्या मुलग्यांना आणि सोळाखालच्या मुलींना वीटभट्टीवर ठेवायची बंदी १८७१ च्या कायद्यानं आली. म्हणजे या भागातल्या घरांच्या रांगा वाढू लागल्या तेव्हा तो कायदा नवाच होता. गवंड्याचा हात मला कमानीत दिसला, पण थापणाऱ्याचा हात प्रत्येक विटेत आहे आणि तो कुठेच वेगळा दिसत नाही.

शेकोटीचं तोंड केव्हातरी विटांनी बुजवून टाकलेलं होतं, मध्ये हवेसाठी एक लहानशी जाळी. त्यामागचं कारण या शहराच्या स्मरणात अजून आहे. १९५२ च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखेपर्यंत, कोळशाच्या धुरात मिसळलेलं धुकं लंडनवर बसून राहिलं. त्या वेळी मृत्यूंचा अंदाज चार हजारांचा होता. पुढच्या अभ्यासांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, आणि हळूहळू घरोघरच्या शेकोट्या बंद होत गेल्या. शेजारच्या आजींना ते दिवस आठवतात. त्या सांगतात, वाळत घातलेले कपडे संध्याकाळी पुन्हा धुवावे लागत.

आम्ही बुजवलेल्या विटा काढल्या तेव्हा काजळीचा लोट खाली आला. त्याच्यासोबत काड्यांचा भारा आला. वर कुठल्या तरी पाखरानं वर्षानुवर्षं घरट्यासाठी टाकत राहिलेल्या. आत डोकं घालून वर पाहिलं. नळी जेमतेम नऊ इंच बाय चौदा इंच. अशा, आणि याहूनही अरुंद नळ्यांतून इंग्लंडमध्ये लहान मुलांना चढवत असत, गुडघे आणि कोपरं भिंतीला रोवत, हातात ब्रश देऊन. एकामागून एक कायदे झाले आणि पाळले गेले नाहीत. १८७५ मध्ये केंब्रिजजवळ फुलबोर्नच्या मनोरुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा पोरगा अडकला आणि दगावला, तेव्हा त्याच वर्षी अखेर जरब असलेला कायदा आला. आमचं घर त्यानंतरचं. ही नळी कुणा मुलाच्या कोपरांनी झाडलेली नाही, हे मी तारखा लावून ताडून पाहिलं. ताडून पाहिल्याशिवाय त्या तोंडापाशी बसणं मला जमलं नसतं.

नळीच्या आतून विटेवर एक काळपट, जाड अस्तर होतं. कुठे सुटलेलं, कुठे घट्ट. चुन्याची दरज भरून द्यायला एक वयस्क गवंडी आला होता, त्याला मी ते दाखवलं. तो म्हणाला, चुना आणि शेण. त्या काळी धुराड्याच्या नळ्या आतून शेण घातलेल्या चुन्यानंच लिंपत. आचेनं आणि आम्लानं ते लवकर तडकत नाही. त्यानं ते अगदी सहज सांगितलं, आणि मी मात्र चिपळूणजवळच्या आजोळच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचले.

त्या घराला धुराडं नव्हतं. चिऱ्याचा चौथरा, मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. चूल पेटली की धूर मोकळा उठायचा, माळ्याच्या फटींतून वर जायचा, आणि कौलांच्या सांध्यांसांध्यांतून सगळ्या छपरावर झिरपायचा. बाहेरून पाहिलं की अख्खं घर सकाळी वाफाळलेलं दिसायचं. धूर वाटेत कामाला लागायचा. चुलीच्या वर कांद्यांच्या माळा, बियाण्याची कणसं, काकडीच्या बियांची पुरचुंडी टांगलेली असे. त्यांना कीड लागत नसे. वासे काळेभोर, गुळगुळीत. त्यांना वाळवी लागत नसे. आजी रोज सकाळी चुलीला पोतेरं फिरवायची आणि आठवड्याला भुई शेणानं सारवायची. झाकणं, लिंपणं, पुन्हा पुन्हा नवा हात देणं, हीच त्या घराची निगा होती. तिच्या डोळ्यांतून मात्र पाणी यायचं. दमा शेवटपर्यंत गेला नाही. धुरानं बियाणं राखलं आणि तिची छाती घेतली, हे दोन्ही एकाच छपराखाली झालं. इथल्या लोकांनी धूर विटांत कोंडून बाहेर सोडला, तेव्हा घरातल्या बाईचे डोळे वाचले. आणि तो सगळा धूर गल्लीवर, शहरावर जाऊन बसला.

काजळी भिंतीत अजून आहे. दमट दिवस आला की धुराड्याच्या विटांवर एक तपकिरी, ओलसर डाग उमटतो. कोळशाच्या धुरातले क्षार विटेत मुरलेले असतात, ते हवेतलं पाणी ओढून घेतात. बाहेर ऊन पडलं की डाग जातो. गवंडी म्हणाला, त्याच्यावर काही फासू नका, वीट कमी भाजलेली आहे, तिला हवा लागू दे. दरज चुन्याचीच भरा, सिमेंटनं ओल आत अडकेल आणि विटेची कड सुटत जाईल. आम्ही त्याचं ऐकलं.

त्या कामाच्या दिवसांत मी पायी पायी वॉटर हाऊसला गेले. विल्यम मॉरिस १८३४ मध्ये वॉल्थमस्टोमध्ये जन्मले. या घरात त्यांची किशोरवयातली काही वर्षं गेली आणि १९५० पासून तिथे त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे. त्यांचे भिंतकागद, त्यांवरच्या वेली, पाखरं, डेझीची फुलं पाहायला लोक येतात. मला त्या दिवशी वेगळंच आठवत होतं. १८७७ मध्ये त्यांनी जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था काढली, आणि तिचं लाडकं टोपणनाव होतं ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडण्याच्या विरोधातली. त्या काळी जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या चर्चच्या भिंतींवरचा शतकांचा गिलावा खरवडून खालचे दगड उघडे पाडत. मॉरिस म्हणत होते की तो गिलावाही त्या वास्तूचंच आयुष्य आहे, एका मूळ क्षणाच्या हव्यासापायी मधला काळ पुसू नये. माझ्या घरी, त्यांच्याच गावात, पोत्यांत भरलेला गिलावा अंगणात उभा होता. जिप्समबद्दल मला काही वाटलं नाही. तो सुटलेलाच होता. कडेचा केसांचा चुना होता तो मात्र मी मग हलवला नाही. आता भिंतीच्या दोन्ही बाजूंना त्याची वेडीवाकडी किनार राहिली आहे, आणि विटा तिच्यातून बाहेर येतात.

उघड्या विटेची बाजू घेणारंही एक माणूस मला जवळचं वाटतं. वास्तुशिल्पी लॉरी बेकर बर्मिंगहॅमचे, १९१७ चा जन्म. महायुद्धाच्या काळात चीनहून मायदेशी परतताना बोटीची वाट पाहत ते मुंबईत थांबले, आणि तिथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून व्हावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी पुढे आयुष्यभर वापरला. केरळात त्यांनी बांधलेल्या घरांच्या विटा उघड्या आहेत, कारण गिलाव्याचा खर्च वाचला की गरिबाच्या घराला आणखी एक खोली मिळू शकते. माझ्या आईला ती घरं दाखवली तर ती राहून गेलेली म्हणणार नाही, असं मला वाटतं. तिथे वीट लावणाऱ्या प्रत्येक हाताला माहीत होतं की ही वीट दिसणार आहे. माझ्या भिंतीच्या गवंड्याला ते माहीत नव्हतं. त्याचं उघड्यावर आणण्यासाठी नसलेलं काम मी उघड्यावर आणलं आहे, आणि त्याला विचारायची सोय नाही. कमानीबद्दल तो खूश झाला असता. ओघळलेल्या चुन्याबद्दल कदाचित म्हणाला असता, आधी सांगायचं होतं.

शेकोटी पुन्हा पेटवायची नाही, हे ठरलं आहे. लाकडाचा धूरही धूरच, आणि आजीची छाती मी ऐकलेली आहे. तोंड मोकळं ठेवलं आहे, आत सध्या लेकीची पुस्तकं आहेत, पावसाळी दिवशी ती बाहेर काढावी लागतात.

आता लेकीला तिच्या खोलीतल्या धुराड्याच्याही विटा हव्या आहेत. तिच्या खोलीत भिंत तीच, नळी तीच वळसा घेऊन गेलेली, पण गिलावा मूळचा आहे, केसांचा, आणि कुठेही सुटलेला नाही. मी तिला मॉरिस सांगितले. ती म्हणाली, "मग खालची का काढलीस?" खालचा गिलावा आधीच सुटला होता, हे उत्तर तिला पुरलं नाही, आणि पुरायला हवं होतं असं मलाही म्हणता येत नाही. आईचं मत विचारलं तर ती म्हणाली, "तिथे तरी राहू दे." तूर्त रंग देऊन बघायचं ठरलं आहे. चुन्याच्या गिलाव्याला चुन्याचाच रंग मानवतो, आणि लेकीला हवा असलेला गडद निळा चुन्यात काही केल्या येत नाही, फिकाच पडतो. गवंड्यानं दोन-तीन छटा कालवून भिंतीवर हातभर पट्टे ओढून दिले आहेत. त्यांतला एक तरी चालेल का, यावर तिचं आणि माझं रोज बोलणं होतं.